बाहुलीच्या गुडघ्यावरची पट्टी

काही वर्षांपूर्वी संशोधनाच्या कामासाठी मी जर्मनीतल्या येना या गावी वर्षभर राहिले होते. माझा विषय भट्टीत भाजलेल्या मातीच्या वस्तूंचा, म्हणजे मृत्तिकाशास्त्राचा. घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. मी त्यांना आजी म्हणू लागले. त्या शब्दाचा अर्थ सांगितल्यावर त्यांनाही तो आवडला. नाताळच्या आधी एके दिवशी त्यांनी कपाटातून एक बाहुली काढून माझ्यापुढे ठेवली. चेहरा चिनी मातीचा, डोळे काचेचे, अंगात पिवळट पडलेला रेशमी झगा. ती आजींच्या आईची बाहुली होती. आता ती त्यांना नातीला द्यायची होती. मान जरा सैल झाली होती. “तुझा तर हाच अभ्यास आहे. जरा ठीकठाक करून दे,” त्या म्हणाल्या आणि बाजारात गेल्या.

मी बाहुलीचा चेहरा भिंगाखाली तपासला. एकही तडा नव्हता. मग मी तिच्या साफसफाईला लागले. डाव्या गुडघ्यावर बोटभर लांबीची एक मळकट चिंधी चिकटलेली होती. ती मी कोमट पाण्याने भिजवली आणि ओढून काढली. चिंधीबरोबर गुडघ्याच्या रंगाचा पापुद्राही निघाला. खालचा तपकिरी लगदा दिसू लागला. चिंधी मी केराच्या टोपलीत टाकली.

आजी परत आल्या. त्यांनी बाहुली हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “पट्टी कुठे गेली?”

१९४५ सालच्या मार्च महिन्यात येनावर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा हे कुटुंब तळघरात बसले होते. अंधारात बाहुली पडली. आजींच्या थोरल्या बहिणीने चादरीची चिंधी फाडून तिच्या गुडघ्याला खळीने पट्टी बांधली. ती बहीण आता हयात नव्हती. आजींनी ती पट्टी साठ-पासष्ट वर्षे हलू दिली नव्हती. माझ्या लेखी तो मळ होता.

मी टोपलीतून चिंधी शोधून काढली. पण निघालेला पापुद्रा पुन्हा बसणार नव्हता. चिनी मातीबद्दल मला बरीच माहिती होती, बाहुलीबद्दल मात्र काहीच नव्हती. त्यानंतर मी जे वाचले, पाहिले आणि जाणत्या माणसांना विचारले ते या लेखात सांगणार आहे. जुनी वस्तू जपायची असेल तर ती आधी कशी झाली हे माहीत असावे लागते, एवढाच त्याचा सारांश आहे.

कवडी, बरणी आणि पोर्सेलीन

आपण घरातल्या लोणच्याच्या बरणीलाही चिनी मातीची म्हणतो आणि नाजूक कपबशीलाही. पण हे दोन पदार्थ वेगळे आहेत. अंधाऱ्या खोलीत पातळ कपाच्या मागे विजेरी धरली तर उजेड आरपार झिरपताना दिसतो. बरणीतून तो येत नाही. बरणी ही जाड, घट्ट भाजलेली दगडी माती असते. कप पोर्सेलीनचा असतो. बाहुलीचा चेहरा या दुसऱ्या जातीचा.

पोर्सेलीन हा शब्द मुळात इटलीतला. तिथे कवडीला ‘पोर्सेलाना’ म्हणत. चीनमधून आलेली पांढरी, गुळगुळीत, चमकदार भांडी पाहून युरोपियनांना कवडीची आठवण झाली आणि तेच नाव भांड्यांना चिकटले. चीनमध्ये ही विद्या हजार वर्षांहून जुनी होती. चिंगदचन हे तिचे मोठे केंद्र. जवळच्या काओलिंग डोंगरावरून तिथल्या पांढऱ्या मातीला ‘केओलिन’ हे नाव मिळाले आणि पुढे ते जगभर रूढ झाले.

या मातीत फेल्स्पार आणि गारगोटीची पूड मिसळून ती सुमारे १३०० ते १४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की काय होते? फेल्स्पार वितळून त्याची काच होते. ही काच मातीच्या कणांमधल्या पोकळ्या भरून टाकते. केओलिनपासून ‘म्युलाइट’ नावाचे सुईसारखे स्फटिक तयार होतात आणि त्या काचेत गुंतून बसतात. काचेमुळे पारदर्शकतेची झाक येते, स्फटिकांमुळे बळ येते. पणती पाणी पिते, पोर्सेलीन पीत नाही, याचे कारण हेच.

युरोपात हे कोणालाच जमत नव्हते. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याला चिनी भांड्यांचे इतके वेड होते की १७१७ साली त्याने आपले ६०० घोडेस्वार सैनिक शेजारच्या प्रशियाच्या राजाला दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. याच राजाने योहान फ्रीडरिश बॉटगर या तरुणाला नजरकैदेत ठेवले होते. बॉटगर सोने तयार करून देतो अशी बढाई मारत असे. सोने काही झाले नाही. पण राजाच्या पदरी चिर्नहाउस नावाचा एक जाणता शास्त्रज्ञ होता. मोठ्या भिंगांनी व आरशांनी सूर्याचे किरण एकवटून तो खनिजे वितळवून पाहत असे. कोणती माती कितपत उष्णता सोसते याचा अभ्यास त्याने आधीच केला होता. त्याच्या हाताखाली बॉटगर मातीच्या प्रयोगांकडे वळला आणि जानेवारी १७०८ मध्ये पांढऱ्या मातीचे योग्य मिश्रण त्यांना सापडले. त्याच वर्षी चिर्नहाउस वारला. १७१० साली मायसेन येथे युरोपातला पहिला पोर्सेलीनचा कारखाना सुरू झाला.

कृती कडेकोट गुप्त ठेवण्यात आली. तरी गुपिते फार काळ टिकत नाहीत. शिवाय काही लोकांनी ती स्वतःच पुन्हा शोधली. येनाच्या दक्षिणेला थुरिंगियाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथे १७६० च्या सुमारास गेओर्ग हाइनरिश माखलाइट याने आपले पोर्सेलीन तयार केले. या भागात माती होती, वाळू होती आणि भट्ट्यांना लागणारे लाकूड मुबलक होते. बाहुल्यांच्या पुढच्या इतिहासाची ही पूर्वतयारीच म्हणायची.

एक बाहुली, शंभर हात

थुरिंगियातच झोनेबर्ग नावाचे खेळण्यांचे गाव आहे. डोंगरातली शेती तोकडी, थंडी लांबलचक. त्यामुळे घरोघर लाकडी खेळणी करण्याचा जोडधंदा चाले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कागदाच्या लगद्याची बाहुल्यांची डोकी साच्यात काढणे सुरू झाले. १८४० च्या सुमारास झिलई दिलेल्या पोर्सेलीनची डोकी आली. पण झिलईने चेहरा कपासारखा चमकतो. माणसाची त्वचा अशी चमकत नाही. म्हणून शतकाच्या मध्याला झिलई न देता नुसते भाजलेले पोर्सेलीन वापरात आले. त्याला ‘बिस्क’ म्हणतात. आपल्या बिस्किटाचा आणि या शब्दाचा उगम एकच. फ्रान्समध्ये जुमो यांच्यासारख्या कारखानदारांनी श्रीमंतांच्या मुलींसाठी अशा देखण्या बाहुल्या केल्या. जर्मनांनी त्याच स्वस्तात आणि लाखांच्या संख्येने केल्या.

डोके कसे तयार होई ते पाहू. मातीची पातळ रबडी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यात ओतत. प्लास्टर पाणी शोषून घेई आणि साच्याच्या आतल्या अंगाला मातीचा थर धरे. मग उरलेली रबडी ओतून देत. थर घट्ट झाला की डोके बाहेर काढून डोळ्यांच्या खाचा कापत. भट्टीत भाजताना ते साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्याने आटे. त्यानंतर गाल, ओठ, भुवया रंगवून कमी आंचेवर पुन्हा भाजत. चांगल्या बाहुलीच्या गालांची लाली शंभर वर्षांनंतरही टिकते, कारण ती वर लावलेली नसते, पृष्ठभागात वितळून एकजीव झालेली असते.

पण डोके म्हणजे बाहुली नव्हे. काचेचे डोळे जवळच्या लाउशा गावातले काचकामगार फुंकत. तिथल्याच लुडविग म्युलर-उरी याने १८३५ च्या सुमारास माणसांसाठी काचेचे कृत्रिम डोळे केले. हातपाय आणि धड लाकडाचा भुसा, कागद व सरस यांच्या लगद्याचे असे. तो साच्यात दाबून, वाळवून, वर रंग आणि रोगण देत. केस अंगोरा शेळीचे किंवा माणसाचे. हे सगळे अवयव आतून रबरी दोरीने ओवून बाहुली जोडत.

आणि हे सगळे बहुतेक घरांत चाले. एका घरात नुसते हात, दुसऱ्या घरात नुसते रंगकाम, तिसऱ्यात शिवणकाम. आई, वडील, आजी आणि मुलेसुद्धा रात्री उशिरापर्यंत कामाला बसत. बायका पाठीवर भल्यामोठ्या टोपल्या घेऊन तयार माल गावातल्या आडत्यांकडे पोचवत. भाव आडत्यांनी ठरवायचा. ज्या मुलांच्या हातून या बाहुल्या गेल्या, त्यांतल्या फार थोड्यांना तशी बाहुली खेळायला मिळाली असेल. जुन्या बाहुलीच्या एका भुवईचा फराटा दुसरीपेक्षा किंचित वर गेलेला दिसला तर तो दोष समजू नये. तिथे कोणाचा तरी हात थकला असेल.

आजींच्या बाहुलीचा टोप मी हळूच वर उचलला तेव्हा मानेमागे कोरलेली अक्षरे दिसली: ए. एम., साचा क्रमांक ३९० आणि ‘मेड इन जर्मनी’. ए. एम. म्हणजे झोनेबर्गजवळचा आर्मांड मार्साय यांचा कारखाना. आणि देशाचे नाव इंग्रजीत का? अमेरिकेने १८९० साली जकातीचा नवा कायदा केला. त्यानुसार १८९१ पासून आयात मालावर तो कोणत्या देशाचा हे लिहिणे सक्तीचे झाले. त्यामुळे देशाचे नाव असलेली बाहुली बहुधा त्यानंतरची, असे अनुमान करता येते. अमेरिकेच्या बाजारासाठी कोरलेले हे शब्द घेऊन ही बाहुली मात्र जन्मगावापासून शंभर किलोमीटरच्या आतच राहिली होती. पहिल्या महायुद्धात जर्मनीची निर्यात तुटली. पुढे सेल्युलॉइड आणि नंतरच्या प्लास्टिकने पोर्सेलीनची जागा घेतली.

नाजूक कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अशी बाहुली वारशाने घरात आली तर ती जपायची कशी? आपण चेहऱ्याला जपतो, कारण तो फुटतो. पण पोर्सेलीन पडले नाही तर त्याला काळाचे भय जवळजवळ नाही. जमिनीत शेकडो वर्षे राहिलेली चिनी भांडी आजही तशीच निघतात. बाहुली मरते ती बाकीच्या पदार्थांमुळे. ते एकेक करून पाहू.

पहिली रबरी दोरी. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबराच्या लांब रेणूंवर हल्ला करतात. काही वर्षांनी दोरी सैल पडते, नाहीतर कडक होऊन तुटते. ती तुटली की डोके सुटून जमिनीवर पडते. म्हणजे चेहरा फुटतो तो पुष्कळदा दोरीमुळे. म्हणून जुनी बाहुली कधीही एका हाताने उचलू नये. एक हात डोक्यामागे, एक धडाखाली. नवी दोरी ओवताना ती फार ताणू नये, नाहीतर मानेच्या कडेचा टवका उडतो.

दुसरा लगदा. भुसा आणि सरस दमट हवेत फुगतात, कोरड्या हवेत आक्रसतात. वरचा रंग त्यांच्याइतका ताणला जात नाही. म्हणून त्याला बारीक भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात. पाण्याचा हात लागला तर सरस मऊ होतो. आजींच्या बाहुलीच्या गुडघ्यावर मी नेमके हेच केले होते. लगद्याच्या अंगाला पाणी कधीही लावू नये. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी, तीही रंग सुटत नसेल तरच. बिस्कचा चेहरा मात्र किंचित ओलसर कापसाने पुसता येतो. त्याआधी रंग पक्का भाजलेला आहे ना, हे कानामागे एखाद्या बिंदूएवढ्या जागी पाहून घ्यावे. डोळ्यांच्या खाचांत आणि टोपाखाली पाणी जाऊ देऊ नये, कारण आत प्लास्टर आणि सरस असतो.

तिसरे डोळे. निजवल्यावर मिटणारे डोळे एका तारेवर बसवलेले असतात आणि तारेला शिशाचे वजन असते. हा सगळा भार डोक्याच्या आत प्लास्टरच्या दोन ठिपक्यांवर तोललेला असतो. बाहुली वर्षानुवर्षे उताणी ठेवली आणि प्लास्टर सुटले, तर काच आणि शिसे थेट डोक्यात कोसळतात आणि पातळ पोर्सेलीनवर आतून आदळतात. म्हणून डोळे मिटणारी बाहुली दीर्घकाळ ठेवायची तर पालथी ठेवतात. कपाळ आणि हनुवटी मऊ कापडाच्या चुंबळीवर टेकवावी, म्हणजे नाकावर भार येत नाही.

शिशाचा आणखी एक शत्रू म्हणजे लाकडी कपाट. ओकसारख्या लाकडातून ॲसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते. तिच्यामुळे शिशावर पांढरी भुकटी जमते. पूर्वी रंगासाठी सफेदा करत तो याच रीतीने, शिशाच्या पट्ट्या व्हिनेगरच्या वाफेत ठेवून. ही भुकटी विषारी असते. डोक्यात ती दिसली तर फुंकू नये आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत.

चौथे रेशीम. याची हकीगत मजेशीर आहे आणि थोडी लबाडीचीही. कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंकाचा थर असतो. तो धुऊन काढला की वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी होते. रेशीम वजनावर विकले जाई, तेव्हा ही तूट भरून काढण्यासाठी कापड कथिलाच्या क्षारांत बुडवू लागले. पुढे तूट भरून काढणे दूरच राहिले, मूळ वजनापेक्षाही जास्त भर घातली जाऊ लागली. कापड भारदस्त दिसे, छान सळसळे. पण हे क्षार धाग्याला आतून कमकुवत करतात. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे कित्येक रेशमी झगे घडीवर उभे चिरत जातात. असा झगा धुणे म्हणजे त्याचे तुकडे करणेच. घडी घालू नये. बाह्यांत आणि घोळात आम्लरहित मऊ कागदाचे बोळे भरून ठेवावे.

पाचवे केस आणि लोकर. यांना कसर लागते. कपाट अधूनमधून उघडून पाहणे हाच उत्तम उपाय. डांबरगोळ्या बाहुलीला चिकटून ठेवू नयेत.

आणि सगळ्यांचा सामाईक शत्रू उजेड. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते. मंद उजेडात खूप दिवस किंवा प्रखर उजेडात थोडे दिवस, हिशेब साधारण सारखाच. संग्रहालयांत कापडावर सुमारे ५० लक्सच प्रकाश ठेवतात तो यासाठी. दिवाणखान्यातल्या खिडकीसमोरचे काचेचे कपाट ही बाहुलीसाठी सर्वांत वाईट जागा. प्लास्टिकच्या बंद पिशवीतही ती ठेवू नये. आत ओल अडकते आणि बुरशी येते. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, घरातल्या आतल्या खोलीत ठेवावी. माळा फार तापतो आणि जमिनीलगत ओल असते, म्हणून या दोन्ही जागा टाळाव्यात.

जोडावे, पण सोडवता यावे

समजा चेहरा फुटलाच तर? हाताशी असेल तो डिंक लावून टाकू नये. याबाबतीत एका प्रसिद्ध काचपात्राची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोर्टलँड कलश नावाचे प्राचीन रोमन काचपात्र आहे. १८४५ साली एका माणसाने ते फोडून टाकले. म्युझियममधल्या जॉन डबलडे यांनी ते त्याच वर्षी जोडले, पण ३७ बारीक तुकडे कुठले हे त्यांना कळले नाही. ते तुकडे म्युझियमबाहेर गेले आणि शंभर वर्षांनी, १९४८ साली, एका पेटीत नीट ठेवलेले परत मिळाले. तेव्हा कलश पूर्ण सुटा करून पुन्हा जोडला. १९८८-८९ साली तिसऱ्यांदा हेच करावे लागले, कारण मधल्या काळात डिंक जुना झाला होता. या वेळी त्या ३७ पैकी बरेचसे तुकडे आपापल्या जागी बसले.

यात दोन धडे आहेत. पहिला, कोणताही डिंक वस्तूइतका टिकत नाही. म्हणून जोड सोडवता आला पाहिजे. झटपट चिकटणारे किंवा दोन नळ्यांतून मिसळायचे डिंक सोडवणे अवघड असते आणि पुष्कळ पिवळेही पडतात. संवर्धक पॅरालॉईड बी-७२ हे ॲक्रिलिक राळ वापरतात, कारण ते ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळते. दुसरा धडा, तुकडा कितीही लहान असला तरी टाकू नये. आज त्याची जागा कळत नसेल, शंभर वर्षांनी कळेल.

जुन्या वस्तू जपण्याचे शास्त्र असेच चुकांमधून शिकत आले आहे. पहिल्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने ब्रिटिश म्युझियमने आपल्या वस्तू लंडनच्या भुयारांत हलवल्या. बॉम्बपासून त्या वाचल्या, पण भुयारातल्या ओलीने लोखंड गंजले आणि मातीच्या वस्तूंवर क्षार फुलून आले. तेव्हा अलेक्झांडर स्कॉट या रसायनशास्त्रज्ञाला बोलावण्यात आले आणि १९२० साली म्युझियमची स्वतःची प्रयोगशाळा सुरू झाली.

वर्गात करून पाहण्यासाठी

हे सगळे शिकवायला जर्मन बाहुलीची गरज नाही. एक कोरी पणती आणि फुटक्या कपाचा तुकडा घ्या. दोन्ही कोरडे असताना वजन करा, रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. पणतीने आपल्या वजनाच्या किती टक्के पाणी प्यायले? कपाच्या तुकड्याने किती?

तीन रबरबँड पट्टीवर थोडे ताणून बसवा. एक उन्हाच्या खिडकीत, एक कपाटात, एक हवाबंद डबीत. दोन महिने दर आठवड्याला पाहून नोंद ठेवा. रंगीत कागदाची अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाकून खिडकीत ठेवली तर साठत जाणारी प्रकाशाची हानी मुलांना डोळ्यांनी दिसेल.

आणि एक काम घरी करायला द्या. घरातली एखादी जुनी वस्तू निवडायची. भातुकलीतले भांडे, पाटा, बरणी, काहीही. तिच्यावरचा प्रत्येक पोचा, ओरखडा, डाग यांची यादी करायची आणि तो कशाने झाला हे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारायचे. उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून, तारीख घालून, वस्तूबरोबर ठेवायचे. माणूस गेल्यावर ही माहिती कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही.

पोर्सेलीनचे तापमान, फेल्स्पारचे प्रमाण, बाहुलीचे साधारण वय, हे सगळे मी भिंग आणि उपकरणे वापरून सांगू शकले असते. गुडघ्यावरच्या चिंधीला खळ कोणी लावली, हे फक्त आजींना माहीत होते. मी त्या बाजारातून येईपर्यंत थांबले असते तर काही बिघडले नसते.

नातीला बाहुली दिली तेव्हा आजींनी गुडघा रंगवून घेतला नाही. मी विचारले होते. त्या नको म्हणाल्या. चिंधी त्यांनी कागदी पाकिटात घातली आणि पाकिटावर बहिणीचे नाव, महिना आणि साल लिहिले. त्याखाली, माझ्या परवानगीने, आणखी एक ओळ लिहिली: पट्टी कोणी, केव्हा आणि कशी काढली. ती ओळही आता त्या बाहुलीच्या इतिहासात आहे.